कागदावर दोघींची ताकद २९०: बॉस ३०२ की झी-२८?

१९६९ ची फोर्ड मस्टँग बॉस ३०२ आणि त्याच सालची शेव्हरले कॅमॅरो झी-२८. अमेरिकेतल्या ट्रान्स-ॲम शर्यतीत पाच लिटरपर्यंतचंच इंजिन चालायचं, त्यासाठी जन्मलेल्या या दोन गाड्या. दोघींत ३०२ घनइंची, म्हणजे जेमतेम पाच लिटरचं, आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन, बोअर (सिलिंडरचा व्यास) ४ इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३ इंच, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) १०८ इंच, जाहीर ताकदही सारखीच, २९० हॉर्सपॉवर. मग फरक कुठे पडतो? चालवली असेल, खोलली असेल, शर्यतीत पाहिली असेल तर लिहा.

ट्रॉय, मिशिगन
शेजारच्या आजोबांकडे झी-२८ आहे. गेल्या ऑगस्टात, वुडवर्ड ड्रीम क्रूझ या जुन्या गाड्यांच्या मेळ्याच्या आदल्या रविवारी, त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. माझा पाय मारुती ८०० वर शिकलेला. क्लच दाबून दाबून मांडी भरून आली. सिग्नलवरून निघताना गाडी अगदीच मवाळ वाटली, मी खट्टू झाले. आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांचा) काटा ४,००० च्या वर गेला आणि आवाजच बदलला, पाठ सीटला चिकटली. आजोबा म्हणाले, "आत्ताशी जागी झाली, ओढ अजून."

डेटन, ओहायो
कोल्हापुरात वडिलांचं गॅरेज होतं. इथे शनिवार-रविवार जुन्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये जातो, दोन्ही इंजिनं खोलली आहेत. सगळा फरक हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात आहे. बॉसचे व्हॉल्व्ह तिरके बसवलेले आणि अवाढव्य: इनटेक, म्हणजे हवा आत घेणारा, २.२३ इंच, शेव्हरलेचा २.०२. शेजारी शेजारी ठेवले की बॉसचा बशीसारखा दिसतो. वरच्या आरपीएमला इंजिन मोकळा श्वास घेतं, पण खाली एवढ्या मोठ्या पोर्टमधून (हवेच्या वाटेतून) हवा संथ येते आणि गाडी रेंगाळते. रस्त्यावर चालवायची तर मी झी-२८ च घेईन.

व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट दोन्हींचे फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावूनच सेट करायचे. एकदा घाईत बॉसचा एक सैल राहिला. ट्रायलला मालक शेजारी, आणि बॉनेटखाली टकटक. अर्ध्या रस्त्यातून परतलो. त्या रात्री सोळाच्या सोळा टॅपेट पुन्हा तपासले, मगच घरी गेलो.

पुणे
इंजिन टेस्टिंगमध्ये १४ वर्षं काढली, म्हणून सांगतो, २९० वर विसंबू नका. तेव्हा अमेरिकेत जाहिरातीतली ताकद ग्रॉस असायची: एअर फिल्टर, गाडीचा सायलेन्सर काहीही न लावता मोजलेली. नेट, म्हणजे हे सगळं लावून मोजलेले आकडे १९७२ च्या मॉडेलांपासून रुळले. त्यातही या दोघींचा आकडा कंपन्यांनी मुद्दाम कमी सांगितला, असं माझं ठाम मत आहे.

सॅन होजे, कॅलिफोर्निया
ट्रान्स-ॲमचं विजेतेपद १९६८ आणि १९६९ ला शेव्हरलेकडे, १९७० ला फोर्डकडे. ड्रायव्हर मार्क डोनह्यूची निळी ६ नंबरची कॅमॅरो, पार्नेली जोन्सची १५ नंबरची मस्टँग. मी त्या काळात जन्मलोही नव्हतो, पण इथल्या लगुना सेका ट्रॅकवर जुन्या ट्रान्स-ॲम गाड्या पळतात तेव्हा दरवर्षी जातो. तिथल्या कॉर्कस्क्रू नावाच्या वळणदार उतारावर फोर्डचा आवाज खर्जातला, कॅमॅरोचा धारदार. मुलगा सात वर्षांचा असताना कुंपणाशी डोळे मिटून उभा राहिला आणि कुठली गाडी गेली ते सांगत सुटला. अकरापैकी एकदाही चुकला नाही.