ई-पुस्तकाचा साचा एक, कुलुपं अनेक: कोरियाने स्वतःचं प्रमाण बनवलं ते योग्यच होतं का?

पिंपळपान (मूळ धागा)
2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कोरियात ई-पुस्तकांसाठी ईबीकेएस हे एक्सएमएलवर (मजकुराच्या भागांना खुणा लावायच्या पद्धतीवर) आधारलेलं प्रमाण तयार झालं. प्रकरण, तळटीप, कविता यांची रचना दिसण्यापासून वेगळी ठेवायची, हा त्याचा गाभा. पुढे बाजार ईपब या जगभर चालणाऱ्या ई-पुस्तक साच्याकडे गेला. तरी ते काम वाया गेलं असं मी मानत नाही. आधुनिक हंगुलमध्ये (कोरियन लिपीत) 11,172 अक्षरं जुळवता येतात. 1987च्या संगणकीय अक्षरसंचात त्यातली फक्त 2,350 होती. शिवाय जुन्या ग्रंथांतली अक्षरं, मध्येच येणारी चिनी चित्राक्षरं. आपल्या लिपीला काय लागतं हे दुसरं कोण लिहून देणार?

तळटीप
असहमत. ओईबी हे ई-पुस्तकांचं सामाईक प्रमाण 1999 मध्येच आलं होतं आणि त्यातूनच 2007 मध्ये ईपब झालं. छोट्या बाजाराने वेगळी चूल मांडली की संपादनाची साधनं, वाचनयंत्रं, जाणकार माणसं, सगळं एकट्याने पोसावं लागतं. कोरियन ओळ शब्दाच्या मध्ये तुटू नये, ही सोय आज सीएसएसमध्येच (वेबपानांची मांडणी ठरवणाऱ्या भाषेत) आहे. ती मिळाली सामाईक व्यासपीठावर.

पिंपळपान
त्या व्यासपीठावर जायला गृहपाठ लागतो हो. ईपब 3 आयएसओकडे (आंतरराष्ट्रीय प्रमाण संस्थेकडे) नेलं ते कोरियानेच, आणि 2014 मध्ये ते तांत्रिक विनिर्देश म्हणून प्रसिद्ध झालं.

सायली_वाचते
तुम्ही दोघंही वाचकाला विसरताय. आतली फाइल ईपब असली तरी वरचं डीआरएम, म्हणजे नक्कल रोखणारं डिजिटल कुलूप, दुकानागणिक वेगळं. क्योबो या कोरियन दुकानाचं पुस्तक क्योबोच्या ॲपमध्ये, रिडीचं रिडीच्या. येस24, अलादीन वगैरे दुकानं एकत्र आली, 2012 मध्ये क्रेमा टच हे वाचनयंत्रही निघालं. पण रिडी त्या गटाबाहेरच. मी पैसे मोजून घेतलेलं पुस्तक दुकान बंद पडल्यावर कुठे उघडायचं? प्रमाण ठरवताना हा प्रश्न पहिला हवा होता.

खिळा_शाई
ताई, मी प्रकाशनात काम करतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. 2023 मध्ये अलादीनची ई-पुस्तकं चोरीला गेली, सुमारे 5,000 टेलिग्रामवर पसरली. सगळ्यांचं कुलूप एकच असतं तर एका चोरीत सगळ्यांची कपाटं उघडी पडली असती. लेखकाचं पोट त्या विक्रीवर आहे.

सायली_वाचते
दादा, चोरी वेगवेगळी कुलुपं असतानाच झाली ना! त्यांचा जाच झाला तो प्रामाणिक गिऱ्हाइकाला.

तळटीप
इथे सायलीताईंशी सहमत. आणि मराठीपुरतं बोलायचं तर आपल्या कित्येक प्रकाशकांच्या जुन्या फाइली अजून युनिकोड या सामाईक अक्षरसंकेताच्या आधीच्या फॉन्टांत अडकल्या आहेत. आधी त्या युनिकोडमध्ये आणून ईपब करा. वेगळं मराठी प्रमाण नको.

पिंपळपान
वेगळं प्रमाण मीही मागत नाही. पण ओव्या, अभंग, पोथीतली टीका यांची रचना ईपबमध्ये कशी नोंदवायची, याचे नियम तरी प्रकाशकांनी एकत्र बसून लिहावेत. कोरियात तेवढं झालं होतं.