क्यूबी64: वर्गणीची फाइल वाचताना शेवटी "इनपुट पास्ट एंड ऑफ फाइल" येतं

वाडीवरची_ताई (वडोदरा)

नमस्कार मंडळी. मी बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा नव्यानेच शिकतेय, क्यूबी64 या सॉफ्टवेअरवर. आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळाचा हिशोब माझ्याकडे असतो. पावतीपुस्तकांवरून पावती नंबर, नाव आणि रक्कम नोटपॅडमध्ये उतरवून घेतली आणि बेरीज बेसिककडून करून घ्यायचं ठरवलं. फोनवरून लिहितेय म्हणून कमांड देवनागरीत टाकते, कॉम्प्युटरवर अर्थातच इंग्रजीत आहेत.

ओपन "वर्गणी.टीएक्सटी" फॉर इनपुट अ‍ॅज #1
डू अंटिल ईओएफ(1)
इनपुट #1, पावती, नाव$, रक्कम
प्रिंट पावती, नाव$, रक्कम
बेरीज = बेरीज + रक्कम
लूप
क्लोज #1
प्रिंट बेरीज

आधी "फाइल नॉट फाउंड" येत होतं, ते सुटलं. नोटपॅडने नावापुढे टीएक्सटी दोनदा लावलं होतं आणि विंडोज शेवटचं दाखवतच नाही. आता यादी सरसर पडद्यावर येते आणि अगदी शेवटी "इनपुट पास्ट एंड ऑफ फाइल" म्हणून थांबते. ईओएफ, म्हणजे फाइल संपली का, हे तर मी दर फेरीला तपासतेय, मग प्रोग्रॅम फाइलच्या पुढे जातोच कसा? हिशोब मंडळाच्या फळ्यावर लावायचा आहे. लोकांचा पैसा आहे, अंदाजाने आकडा लिहिणार नाही.

इंदूरचा_विद्यार्थी

ताई, फाइलच्या शेवटी जास्तीचे एंटर पडलेत का बघा. शेवटच्या पावतीखाली रिकामी ओळ असली की ईओएफ म्हणतं अजून काहीतरी आहे, इनपुट वाचायला जातं आणि हाती काहीच लागत नाही. नाहीतर सुरुवातीला ऑन एरर गोटू लावा, एरर आली की सरळ बेरीज छापायच्या ओळीवर जायचं.

दांडियाबाजारचे_काका

रिकाम्या ओळीचं बरोबर सांगितलंस बाळा, पण ऑन एररचं मुळीच करू नका ताई. कळकळीने सांगतो. एरर झाकली की बेरीज छापली जाईल, फळ्यावर लागेल, आणि ती चुकीची असेल. हा प्रोग्रॅम शेवटी थांबतो म्हणजे दोष शेवटीच असेल असं नाही. पडद्यावरची यादी वरपासून सावकाश बघा आणि पहिली विचित्र ओळ कुठे येते ते इथे लिहा. यादी पळत असेल तर प्रिंटच्या खाली स्लीप लिहा, दर ओळीला कळ दाबेपर्यंत थांबेल.

वाडीवरची_ताई

रिकाम्या ओळी काढल्या, एरर तीच. स्लीप लावून पाहिलं. 139 पर्यंत सगळं ठीक, फक्त 139 ची रक्कम 1 दिसते. त्याच्या पुढच्या ओळीत पावती नंबरच्या जागी 100 आणि नावाच्या जागी 140! तिथून खाली सगळंच भलतं. फाइलमध्ये ती ओळ अशी आहे:

139,शिंदे एस. आर.,1,100

दांडियाबाजारचे_काका

सापडलं. अकराशे रुपये आपण कॉमा घालून लिहिलेत, पावतीवर लिहितो तसे. बेसिकला तो कॉमा हजाराचा आहे हे कळायला मार्ग नाही. इनपुट # साठी कॉमा म्हणजे एक माहिती संपली, दुसरी सुरू. त्याने 139 घेतलं, शिंदे घेतलं, रक्कम म्हणून 1 घेतला. तीन गोष्टी मिळाल्या, लूप फिरला. उरलेलं 100 पुढच्या पावतीचा नंबर झालं, 140 हे नाव झालं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. इनपुट # ला ओळीशी देणंघेणं नाही. त्याला तीन गोष्टी हव्यात, या ओळीत मिळाल्या नाहीत तर खालच्या ओळीतून उचलतो. त्यामुळे एक जादा तुकडा आला की तो शेवटपर्यंत पुढे ढकलला जातो. अखेरीस तीनच्या जागी एकच गोष्ट उरते. ईओएफ विचारलं तेव्हा ती एक शिल्लक होती म्हणून लूप आत शिरला, दुसरी मागितली तेव्हा फाइल संपली होती.

आता मला खरी काळजी कशाची आहे ते सांगतो. अशा कॉमावाल्या रकमा फाइलमध्ये तीन असत्या, तर तीन जादा तुकडे मिळून एक पूर्ण पावती झाली असती. एरर आलीच नसती! यादीच्या शेवटच्या पावत्याही बरोबर दिसल्या असत्या, कारण तिसऱ्या कॉमानंतर गाडी पुन्हा रुळावर येते. मधल्या सगळ्या रकमा मात्र गेल्या असत्या. म्हणून फक्त 139 दुरुस्त करून थांबू नका, प्रत्येक ओळ तपासा. लूपच्या आत आधीचं काढून हे टाका:

लाइन इनपुट #1, ओळ$
क्रम = क्रम + 1
कॉमा = 0
फॉर आय = 1 टू लेन(ओळ$)
इफ मिड$(ओळ$, आय, 1) = "," देन कॉमा = कॉमा + 1
नेक्स्ट
इफ कॉमा <> 2 देन प्रिंट क्रम, ओळ$

लाइन इनपुट # कॉमा बघत नाही, अख्खी ओळ उचलतो. ज्या ओळीत दोन सोडून कमी-जास्त कॉमा असतील तेवढ्याच छापल्या जातील.

वाडीवरची_ताई

काका, फार उपकार झाले. आणखी ओळी निघाल्या! काही रकमांत कॉमा, एकीत नाव आणि रकमेच्या मधला कॉमाच नाही, आणि काही जणांनी पावतीवर आडनाव आधी लिहून कॉमा दिलाय, "देसाई, एम. के." असा. रकमांतले कॉमा काढले, राहिलेला घातला. नावांतले तसेच ठेवायचे आहेत, पावतीवर आहे तसं यादीत हवं.

दुसरं म्हणजे, भाच्याने सांगितलं की रुपये पूर्णांकात आहेत तर बेरीज% लिही. तात्पुरते नावांतले कॉमा काढून चालवलं तर एरर नाही, पण उत्तर उणे 27086 आलं.

इंदूरचा_विद्यार्थी

नावापुढे % म्हणजे इंटिजर, लहान पूर्णांकांचा प्रकार, त्यात 32767 च्या वर आकडा मावत नाही. जुन्या क्यूबेसिकने "ओव्हरफ्लो" म्हणून थांबवलं असतं, क्यूबी64 गुपचूप उणे बाजूला उतरतो. उणे 27086 मध्ये 65536 मिळवा: 38450. बेरीज& लिहा, तो लाँग, म्हणजे मोठ्या पूर्णांकांचा प्रकार, दोनशे कोटींच्या वर जातो.

दांडियाबाजारचे_काका

शाबास. पण ताई, 38450 हा आकडा कॅशबुकाशी जुळवल्याशिवाय फळ्यावर लावू नका.

नावांचं सोपं आहे. कॉमा असलेलं नाव दुहेरी अवतरणात घाला:

152,"देसाई, एम. के.",501

नाव अवतरणाने सुरू झालं की पुढचं अवतरण येईपर्यंत इनपुट # आतला कॉमा नावाचाच भाग धरतो. कॉमा मोजणारा तुकडा अशा ओळी तरीही दाखवेलच, त्या डोळ्यांनी बघून सोडा. पुढच्या वर्षी नोटपॅडमध्ये टाइपच करू नका. नाव, रक्कम विचारणारा छोटा प्रोग्रॅम करा, नाव लाइन इनपुटने घ्या म्हणजे तिथेही कॉमा अडणार नाही, आणि फाइलमध्ये प्रिंट # ऐवजी राइट # ने लिहा. नावांना अवतरणं आणि मधले कॉमा तो स्वतःच घालतो. फाइल फॉर अपेंड उघडायची, फॉर आउटपुट उघडलीत तर आधीच्या सगळ्या पावत्या पुसल्या जातील.