पेवातल्या भुताची भीती वाटली नाही, वाईट मात्र वाटलं. भाच्याला काय सांगू?

हरिपूरची_लेक (सांगली)

परवा सांगलीत एका छोट्या हॉलमध्ये माझ्या भाच्याच्या सिनेमाचा खेळ झाला. भुताचा सिनेमा. नाव लिहीत नाही, कारण पोरं आपल्याच भागातली आहेत, पहिलाच प्रयत्न आहे, आणि कोणी शोधून काढून त्यांना शिव्या घालाव्यात असं मला मुळीच वाटत नाही. लेखन-दिग्दर्शन भाच्याचं. खेळ सुटल्यावर दारातच उभा होता. 'आत्ती, कसा वाटला?' मागून गर्दी येत होती, 'निवांत बोलू' म्हणून मी पुढे सरकले. रविवारी जेवायला येतोय. त्याआधी मला तुमच्याशी बोलायचंय.

गोष्ट अशी. पुण्याची चार पोरं व्हिडिओ करायला हरिपुरात येतात, जुन्या घरात राहतात, परड्यात हळद साठवायचं एक बंद पेव सापडतं. त्यात म्हणे एका सुनेला ढकललेलं असतं आणि तिची हडळ झालेली असते. एवढं ऐकून मी सरसावून बसले होते. आमचं लहानपण पेवांवर गेलंय.

आणि मग अकराव्या मिनिटाला हडळ पडद्यावर. तोंडावर केस, डोळ्यांत पांढऱ्या लेन्स. त्यानंतर दर पाच मिनिटांनी तीच. दार उघडलं की ढाण, खिडकी वाजली की ढाण, मांजर आलं तरी ढाण. शेवटी एक मांत्रिक लिंबं कापतो आणि सगळं स्वप्न होतं असं निघतं. मागच्या रांगेतली कॉलेजची पोरं हसत होती. मला त्या हसण्याचा राग आला, पण त्यांना गप्प बसवण्यासारखं पडद्यावर काही नव्हतं.

सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. सिनेमातल्या पेवाला पायऱ्या आहेत! चांगल्या दगडी पायऱ्या. कुठल्यातरी वाड्याचं तळघर दाखवून त्याला पेव म्हटलंय.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. पेव म्हणजे हळद साठवायला जमिनीत खणलेला खड्डा. तोंड जेमतेम एक माणूस उतरेल एवढं, खाली पोट रांजणासारखं सुटलेलं. हरिपूरची माती अशी घट्ट की आत हळद वर्षानुवर्षं राहायची आणि कीड लागायची नाही. आमचं पेव 20 फुटांच्या वर खोल होतं. 2005 च्या पुरात पाणी शिरलं आणि ते बसलं. गावातली बरीच पेवं तेव्हाच गेली.

तोंडावरची माती काढून झाकण सरकवलं की लगेच कोणी उतरत नसे. बंद पेवात हवा मरते, जड वायू तळाशी साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. हळदीचाच काय तो गरम, कोंदट भपकारा वर येतो. त्यामुळे झाकण काढून पेव बराच वेळ उघडं ठेवायचे आणि मग दादा, म्हणजे माझे वडील, दोरीला कंदील बांधून खाली सोडायचे. मी सात-आठ वर्षांची असेन. काठाशी पालथी पडून बघायची आणि आजी मागून माझा परकर मुठीत धरून बसायची. कंदील खाली जाईल तसा लहान होत जायचा, त्याचा उजेड भिंतीवर गोल गोल फिरायचा. आणि एखाद्या दिवशी मध्येच कुठेतरी ज्योत आखडायची, बुटकी व्हायची आणि जायची. खाली वारा नाही, काही नाही. कोणीतरी चिमटीत धरून विझवावी तशी. दादा दोरी वर घेत म्हणायचे, 'आज न्हाई.' झालं. त्या दिवशी कोणी उतरायचं नाही.

माणूस उतरला की वरचा माणूस त्याला सारखी हाक देत राहायचा. खालून उत्तर आलं नाही की दोर ओढायचा. खालचा आवाज वर येईपर्यंत बदललेला असायचा. माणूस ओळखीचा, आवाज मात्र जमिनीतून कुठूनही आल्यासारखा.

हे सगळं भाच्याने माझ्याच तोंडून ऐकलंय, अगदी लहानपणी, मांडीवर बसून. आणि सिनेमात त्यातलं काही म्हणजे काही नाही.

तो म्हणतो, 'आत्ती, पैसेच नव्हते.' खरंच नव्हते. मोटरसायकल विकली त्याने. म्हणून विचारते. पैशाअभावी भीती उभी राहत नाही, हे खरं आहे का? आणि त्याला हे सांगायचं कसं?

---

मिरज_साउंड

ताई, मी ध्वनिमुद्रणाचं काम करतो, लग्नांपासून लघुपटांपर्यंत सगळं. तो सिनेमा मीही पाहिला. तुमच्या भाच्याचं मन दुखावायचं नाही, पण पैशाचं कारण मला पटत नाही.

चित्र थोडं हललं, अंधारात दाणे आले, तरी प्रेक्षक सांभाळून घेतो. आवाज खोटा आला की तो सिनेमातून बाहेर पडतो. या सिनेमात सगळे संवाद नंतर बंद खोलीत डब केलेत. पोरगा पेवात तोंड घालून ओरडतो आणि आवाज येतो तो गादीवर बसून बोलल्यासारखा. तिथेच पेव मेलं.

यावर खर्च शून्य आहे. कुठल्याही जागी शूटिंग संपलं की सगळ्यांना एक मिनिट गप्प उभं करायचं आणि त्या जागेची शांतता रेकॉर्ड करायची. हरिपुरात घाटाची शांतता वेगळी, परड्यातली वेगळी. पेवाच्या तोंडातून माइक खाली सोडून वरून एक टाळी वाजवायची किंवा फुगा फोडायचा. ती टाळी आत किती घुमते, किती वेळ रेंगाळते, ते मिळालं की नंतर डब केलेल्या आवाजावर तोच घुमारा चढवता येतो. लायब्ररीतलं फुकटचं ढाण वापरण्यापेक्षा हे कितीतरी पटीने भारी.

ओरेन पेली नावाच्या माणसाने 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी' स्वतःच्या राहत्या घरात केला, सुमारे 15,000 डॉलरमध्ये. रात्री बेडरूममध्ये स्टँडवर लावून ठेवलेला कॅमेरा, झोपलेली दोन माणसं आणि अर्धवट उघडं दार. दार जरासं हललं की आपण श्वास धरतो, कारण त्याआधी बराच वेळ काहीच झालेलं नसतं. तुमच्या भाच्याने ते 'काहीच नाही' दिलंच नाही आम्हाला.

तुमची कंदिलाची हकीकत वाचून मात्र माझ्या अंगावर काटा आला. खरं सांगतो.

---

मेणवली_घाट (वाई)

माझं मत थोडं निराळं आहे. भूत लवकर दाखवलं, सारखं दाखवलं, एवढ्यावरून सिनेमा पडत नाही. 1972 चा 'दो गज जमीन के नीचे' रामसे बंधूंनी आमच्या महाबळेश्वरात केला. त्यांच्या सिनेमांत भूत हातचं राखून ठेवत नाहीत, चांगलं समोर येऊन उभं राहतं. पैसे त्यांच्याकडेही बेताचेच. घरातल्याच भावांनी कामं वाटून घेतलेली, तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला, गंगू कॅमेऱ्यावर, किरण आवाजाला. पण जागा त्यांनी खरी वापरली. पावसाळ्याच्या तोंडावर महाबळेश्वरचं धुकं झाडांतून खाली उतरायला लागलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. आम्ही लहानपणापासून बघतोय ते, आणि तरी आजही संध्याकाळी एकट्याने चालताना मागे वळून बघतो.

आमच्या घाटावर शूटिंगवाले कायम येतात. जी मंडळी पहिला दिवस नुसती बसून बघतात, घाटावर ऊन कधी येतं, बायका धुणं घेऊन कधी येतात, ती चांगलं काहीतरी घेऊन जातात. जी उतरल्या उतरल्या दिवे लावतात त्यांना फक्त दगड मिळतात.

त्यामुळे पायऱ्यांबद्दलचा तुमचा राग रास्त आहे. सांगाच त्याला.

---

ऊसकरी_पलूस

अहो, जरा दमानं घ्या सगळ्यांनी. पोराने गाडी विकलीय.

मला त्या सिनेमात एक गोष्ट फार आवडली, ती कोणीच बोलत नाही. झाकण सरकवल्यावर त्याच्या आतल्या बाजूला हळदीच्या हाताचे पंजे उमटलेले दिसतात. म्हणजे खालून कोणीतरी ढकलत होतं. तिथे संगीत नव्हतं, हडळ नव्हती. माझ्या शेजारी बसलेल्या बायकोने हात धरला माझा. हळद लागलेली सून, अंगावरची हळद निघायच्या आत पेवात गेलेली, हे सगळं त्या चार पिवळ्या पंजांत होतं. ज्याला हे सुचलं त्याच्या हातात कला आहे.

आणि रात्रच कशाला लागते? 'लपाछपी' बघा. विशाल फुरिया यांचा, 2017 साली थिएटरला लागला होता. सगळा उसाचा फड आणि त्यात भर दिवसा भीती. मी रोज उसात असतो. वारा पडला की पाचट आपोआप कुरकुरतं, दोन सऱ्यांपलीकडचं दिसत नाही, आणि पाणी पाजायला गेलेला माणूस चकवा लागून त्याच बांधावर तीनदा येतो. माझ्या चुलत्याला लागलाय. चपला काढून बांधावर बसून राहिला उजाडेपर्यंत. त्याच गोष्टीचा पुढे 2021 मध्ये हिंदीत 'छोरी' झाला, त्याच दिग्दर्शकाचा. म्हणजे आपल्या फडातली भीती बाहेरच्यांनाही कळली.

भाच्याला आधी पंजाचं सांगा. मग बाकीचं.

---

राळ_आणि_पडदा (विश्रामबाग)

हौशी नाटकात 30 वर्षं मागे उभा राहिलो आहे, म्हणून दोन शब्द.

1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं. त्या नाटकांत राक्षस यायचे ते राळेचा भपका उडवत, आरोळी ठोकत. मशालीवर मूठभर राळ टाकली की क्षणभर डोळे दिपतात आणि पुढचा क्षणभर पूर्ण अंधार वाटतो. त्या अंधारात राक्षस चार पावलं पुढे आलेला असतो. खर्च म्हणाल तर मूठभर राळ. आपल्या गावाला हे जुनं माहीत आहे.

हरिपूर तर नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचं गाव. तिथल्या पोराने परदेशी सिनेमातली केस सोडलेली बाई उचलून आणावी याचं मला मनापासून दुःख झालं. ताई, रागावून नका सांगू, पण गुळमुळीतही सांगू नका. नाटकात आम्हाला खोटं कौतुक करणाऱ्या माणसांनी जेवढं मागे नेलं तेवढं शिव्या देणाऱ्यांनी नेलं नाही.

---

हरिपूरची_लेक (सांगली), चार दिवसांनी

सगळ्यांचे आभार. रविवार झाला, म्हणून लिहिते.

पलूसच्या दादांचं ऐकलं, आधी पंजाचं बोलले. पोरगं एकदम फुललं. म्हणाला, ते पंजे त्याने स्वतः रात्री दोनला हळद कालवून उमटवले होते. मग मी पायऱ्यांचं काढलं. तिथे त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, 'आत्ती, खऱ्या पेवात कॅमेरा कसा उतरवणार? कोण परवानगी देणार?' मी म्हटलं, उतरवायचाच नाही. वरच ठेव. कंदील खाली जातोय, एवढंच दाखव. खाली काय आहे ते आम्हाला बघायचंच नव्हतं रे, आमच्या दादांनाही बघायचं नव्हतं.

तो काही बोलला नाही. भातावर आमटी घेतली होती, ती तशीच टाकून हात धुतला. चहालाही थांबला नाही. दार लोटून गेला आणि मला दिवसभर जेवण गेलं नाही. वाटलं, चुकले. आधीच सगळ्या गावाचं हसू ऐकून बसलाय, त्यात मी घरची.

मिरजेच्या दादा, तुमचं टाळीचं आणि फुग्याचं मी त्याला मोबाइलवर पाठवून ठेवलं होतं. निळी खूण आली, उत्तर नाही. सोबत एवढंच लिहिलं होतं की माइक सोडा, माणूस सोडू नका, आणि झाकण काढल्यावर एक अख्खा दिवस पेव उघडं राहू दे.

काल रात्री अकराला फोन आला. मी झोपले होते. हॅलो नाही, काही नाही. एकदम विचारलं, 'आत्ती, वरचा माणूस खाली नावाने हाक मारायचा का?'

म्हटलं, नाही. पेवात नाव घेत नसत. वरून विचारायचे, 'हाय का रं?' आणि खालून यायचं, 'हाय.'

'एवढंच?'

म्हटलं, एवढंच. माणूस वर येईपर्यंत.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'आणि माणूस वर आल्यावर?'

मी उठून बसले.