घड्याळाचं मॉडेल ९७ टक्के देतंय पण आईच्या हातात घातलं की पार गंडतं

धडपड्या_एमई:
नमस्कार मंडळी, माझा एमईचा प्रोजेक्ट ह्युमन ॲक्टिव्हिटी रेकग्निशनवर आहे. म्हणजे मनगटातल्या घड्याळाच्या ॲक्सिलरोमीटर (वेगातला बदल मोजणारा सेन्सर) आणि जायरोवरून (वळणं मोजणारा सेन्सर) माणूस चालतोय, बसलाय, उभा आहे, जिना चढतोय का उतरतोय ते ओळखायचं. होस्टेलवरच्या ११ पोरांचा डेटा घेतला, ५० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला ५० रीडिंग, १२८ रीडिंगची विंडो (एक तुकडा) म्हणजे २.५६ सेकंद, अर्धा ओव्हरलॅप (पुढची विंडो आधीच्या विंडोच्या मध्यापासून सुरू), साधं सीएनएन (एक प्रकारचं न्यूरल नेटवर्क) लावलं आणि ९७.८ टक्के आले. गाईड खूष, पेपर लिहायला घे म्हणाले. मग दिवाळीत घरी गेलो, हौसेने आईच्या हातात घड्याळ घातलं, तर ती ओट्याशी पोळ्या लाटतीये आणि स्क्रीनवर चालतेय चालतेय चालतेय... आणि संध्याकाळी खरंच चालत मंडईत गेली, त्याच हातात भाजीची पिशवी, तेव्हा दाखवतंय उभी आहे. आता हे ९७ कुठून आले ते मलाच कळेना. कुणी सांगेल का?

सिग्नलवाला_काका:
एकच प्रश्न, ट्रेन (मॉडेलला शिकवायचा डेटा) आणि टेस्ट (त्याची परीक्षा घ्यायचा डेटा) वेगळं कसं केलंस? सगळ्या विंडो एकत्र करून शफल मारलं असशील तर तिथेच माशी शिंकली. अर्धा ओव्हरलॅप आहे ना, मग शेजारच्या दोन विंडोंमधली ६४ रीडिंग तीच असतात, एक ट्रेनमध्ये गेली आणि दुसरी टेस्टमध्ये, म्हणजे पेपर आधीच फुटलेला. शिवाय तुझ्या मित्राची चाल मॉडेलने ट्रेनमध्ये पाहिलेली आहे आणि टेस्टला परत तोच मित्र. माणसं वेगळी कर. इटलीतल्या जिनोवाच्या लोकांनी २०१३ साली जो प्रसिद्ध डेटासेट काढला (युसीआय हार म्हणतात तोच, ३० जण, कमरेला गॅलॅक्सी एस टू फोन बांधलेला) त्यात २१ जण ट्रेनला आणि ९ जण टेस्टला असं आधीच वेगळं करून ठेवलंय, ते उगाच नाही. तू ११ जणांवर दर वेळी एकाला बाहेर ठेवून बघ. आकडा पडेल, घाबरू नकोस.

कोडिंगकरीण:
काकांना +१. पण पोळीचा घोटाळा वेगळा आहे, तो ट्रेन-टेस्टचं स्प्लिट नीट करून पण जाणार नाही. तुझ्या मॉडेलला पाचच उत्तरं माहितीयेत, सॉफ्टमॅक्स (उत्तर निवडणारी शेवटची पायरी) त्यातलंच एक देणार, "यातलं काहीच नाही" असं म्हणायची सोयच ठेवली नाहीस. लाटताना हात ठेक्यात पुढेमागे होतो, त्यातल्या त्यात जवळचं काय तर चालणं, दिलं ठोकून. तेव्हा इतर कामांचा एक सहावा क्लास (उत्तराचा गट) कर आणि त्यात घरातली खरी कामं घाल, भांडी, केर, कपडे पिळणं.

अवांतर: न्यूयॉर्कच्या फोर्डहॅम विद्यापीठवाल्यांचा विस्डम डेटासेट बघ, २०१९ चा, ५१ जण, १८ ॲक्टिव्हिटी, फोन आणि घड्याळ दोन्ही. त्यात सूप खाणं वेगळं, चिप्स खाणं वेगळं, पास्ता वेगळा, सँडविच वेगळं. वरणभात कालवणं नाही 😄 भाकरी थापणं तर सोडाच.

फिजिओ_ताई:
मी इंजिनियर नाही, पेशंटच्या बाजूने सांगते. पिशवी घेतली की हात झुलायचा थांबतो आणि मनगटाला चाल दिसतच नाही, वॉकर धरून चालणाऱ्या आजी-आजोबांचं पण हेच होतं, ते दिवसभर घरात फिरतात आणि मनगटाचा पट्टा सांगतो बसून होते. म्हणून त्यांच्यासाठी घोट्यावर नाहीतर कमरेला सेन्सर बरा. तुमच्या त्या जिनोवाच्या डेटात वय १९ ते ४८ आहे असं वाचलं, माझे निम्मे पेशंट सत्तरीच्या पुढचे. आणि मांडी घालून जमिनीवर बसणं, तिथून हाताचा टेकू घेऊन उठणं, हे कुठे धरलंय का कुणी?

धडपड्या_एमई:
सगळ्यांचे आभार! काकांनी सांगितलं तसं एकेकाला बाहेर ठेवून रात्रभर चालवलं, सरासरी ८१ वर आली. गाईडना अजून सांगितलं नाहीये. पण मजा अशी की दहा जण ७५ च्या वर आणि एक मित्र थेट ५४. त्याचा ग्राफ काढून बघितला तर एक्स आणि वाय (सेन्सरच्या तीन दिशांपैकी दोन, तिसरी झेड) दोन्ही उलटे, माझं वर तर त्याचं खाली. त्याला फोन केला तर म्हणे मी घड्याळ उलटं घालतो, बटण मनगटाला टोचतं म्हणून.

सिग्नलवाला_काका:
हाहा, क्लासिक! झेड तसाच राहतो, एक्स-वायची चिन्हं बदलतात. ट्रेनिंगला प्रत्येक विंडोची अशी उलटी कॉपी पण घाल, जायरोची पण, ते विसरू नकोस. आणि आईचा डेटा घेशील तेव्हा मोबाईलवर व्हिडिओ लाव, सुरुवातीला तीन टाळ्या वाजवायला सांग, ग्राफमध्ये तीन उंच टोकं येतात त्यावरून व्हिडिओ जुळवता येतो. नाहीतर लेबल लावताना पोळी कुठे संपली आणि डबा उघडायला कधी वळली यातच जीव जाईल.

धडपड्या_एमई:
टाळ्या आत्ताच वाजवून घेतल्या, हात पिठाचे होते त्यामुळे घड्याळ पण पांढरं झालंय. उद्या भाकरी.