भाड्याच्या फ्लॅटातला गोव्याचा उन्हाळा: घर गार ठेवायला तुम्ही काय केलंत?

मांडवीकाठ
काल म्हापशाच्या बाजारात मिरच्या घेत होते, भाजीवालीने वरचं ओलं गोणपाट बाजूला केलं आणि तो वास आला. एकदम २०२३ चा मार्च आठवला. ९ आणि १० तारखेला शाळा दुपारी बाराला सोडल्या होत्या ते दिवस. आम्ही तेव्हा पर्वरीला शेवटच्या मजल्यावर भाड्याने, हॉल आणि बेडरूम दोन्ही पश्चिमेला, लेक पाच महिन्यांची. मानेच्या वळ्यांत घामोळं, पाठ लालबुंद. रात्री दहाला भिंतीला हात लावला तर तवा नुकता उतरवल्यासारखी गरम. दुपारी नळाला कढत पाणी, म्हणून तिच्या आंघोळीची बादली सकाळी सातलाच भरून ठेवायचे. एसीसाठी भिंतीला भोक पाडायचं नाही असं घरमालकांनी आधीच सांगितलेलं. शेवटी खालच्या पेडण्याच्या काकूंनी तांदळाची दोन रिकामी गोणपाटं दिली, ती बाल्कनीच्या ग्रिलला सुतळीने बांधली आणि तासातासाने तांब्याने पाणी मारत बसले. आत येणारा वारा खरंच गार झाला हो. त्या दुपारी लेक अडीच तास झोपली, मी तिच्या शेजारी बसून रडले होते.
तेच मी मे महिन्यात केलं तर घरभर नुसता दमटपणा, चादरीसुद्धा ओलसर. असं का झालं असेल? आणि भाड्याच्या घरात तुम्ही काय काय केलंत ते सगळं लिहा, भिंत आपली नसते म्हणून विचारतेय.

फोंडेकर
कूलर घेऊ नका. सोलापूरहून बदली झाली तेव्हा टेम्पोत घालून आणला होता, तिकडे त्याच्यावर दहा वर्षं काढली. इथे दुसऱ्या दिवशी अंगाला सगळं चिकट. विकून टाकला.

डिचोलीकर
मांडवीकाठ ताई, तुमच्या गोणपाटाचं उत्तर वाऱ्यात आहे. मार्चमध्ये घाटाकडून, म्हणजे पूर्वेकडून वारा येतो तो कोरडा. तो जोरात असला की समुद्रावरचा खारा वारा दुपारी उशिरा आत शिरतो आणि पारा नेमका त्याच दिवशी चढतो. कोरड्या हवेत गोणपाटातलं पाणी भराभर उडतं, उडताना उष्णता घेऊन जातं. मेमध्ये हवा आधीच पाण्याने भरलेली, मग उडणार कुठे? फोंडेकर दादांच्या कूलरचंही तेच. हवामान खातंसुद्धा किनाऱ्याला वेगळं माप लावतं, मैदानात ४० लागतात पण आपल्याकडे ३७ झाले आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश वर गेले की उष्णतेची लाट धरतात. ३७ आणि घाम, हे तिकडच्या ४२ वाल्यांना सांगून पटत नाही.

फोंडेकर
हे कूलर टेम्पोत घालायच्या आधी कोणी सांगितलं असतं तर!

आजीची नात
माझं उलटं, मी साळगावला एका जुन्या घराचा अर्धा भाग भाड्याने घेतला होता, चिऱ्याच्या जाड भिंती, मंगळुरी कौलं, उंच माळा आणि दोन खिडक्यांना अजून शिंपल्यांची तावदानं होती. ऊन आत येताना दुधासारखं होऊन यायचं, डोळ्याला टोचायचंच नाही. मालकीण आंटी रोज दहाला अंगणातून ओरडायची, "बाय, जनेलां धांप गो!" मला आधी वाटायचं उकडतंय तर बंद काय करायचं. पण ती सकाळची गार हवा आत कोंडून ठेवायला सांगायची, आणि पाचला परत सगळं सताड उघडायचं, समोरासमोरच्या खिडक्या, मधलं दारसुद्धा. आता ताळगावला फ्लॅटमध्ये आहे, काचेच्या स्लायडिंग खिडक्या, तरी तिचं वेळापत्रक सोडलेलं नाही. आंटी गेली मागच्या वर्षी. तिच्या हातचं कोकम सरबत कोणालाच जमत नाही.

बेळगावहून
सरबतावरून आठवलं, या वर्षीची सोलं कुणाकडे मिळतील? घरची हवीत, मीठ जास्त घातलेली नकोत.

आजीची नात
म्हापशाला शुक्रवारी या, बायका बसतात ओळीने, चाखून घ्या.

शेवटचा मजला
आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या दोन्ही फ्लॅटवाल्यांनी मिळून गच्चीला चुना मारला. आम्ही दोघंही भाडेकरू, सोसायटीच्या सेक्रेटरीला तीनदा जाऊन भेटलो, मग परवानगी मिळाली. कळीचा चुना रात्रभर भिजवला, गाळून त्यात फेविकॉल, झाडूने दोन हात, सकाळी ऊन चढायच्या आत. दुपारी अर्धी गच्ची झालेली आणि अर्धी राहिलेली, तेव्हा मी अनवाणी उभा राहून बघितलं, काळ्या बाजूला पाय टेकवेना आणि पांढऱ्या बाजूला आरामात उभा. तीच उष्णता आपल्या डोक्यावर रात्रभर उतरत असते. पहिल्या पावसात बराच धुपून जातो, पण उन्हाळा निघतो. गॉगल लावून करा, डोळ्यात गेला तर फार वाईट.

वास्कोची सून
खिडक्या उघडा म्हणताय सगळे, आमच्याकडे उघडली की तासाभरात फरशीवर बंदरातल्या कोळशाची काळी धूळ, पाय पुसून पुसून थकले. ओला पडदा लावला तर तो काळा. मी शेवटी पातळ मलमलीचं कापड खिडकीच्या चौकटीला वेल्क्रोने लावलं, दर दोन दिवसांनी धुते.
मुलाची शाळा २०२५ मध्ये ७ एप्रिललाच सुरू झाली होती. साडेअकराला सुटायचा, घरी आला की दप्तर टाकून आधी फरशीवर आडवा.

मांडवीकाठ
वास्कोची सून, किती हाल गं. मलमल वारा अडवत नाही का?

वास्कोची सून
थोडा अडवते. पण श्वास तरी घेता येतो.

वायरमनचा भाऊ
पंखा हळू फिरतोय म्हणून नवीन घेणाऱ्यांनी आधी कपॅसिटर बदलून बघा. बहुतेक पंख्यांना अडीच मायक्रोफॅरडचा असतो, जुना झाला की पंखा नुसता डुलतो. भाड्याच्या घरातले पंखे वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. नवीन घ्यायचाच तर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा घ्या, साधा ७५ वॅटच्या आसपास खातो आणि हा ३० च्या आसपास, इन्व्हर्टरवर दुप्पट वेळ चालतो. घर सोडताना काढून न्यायचा, जुना परत टांगायचा. आणि मेन बंद केल्याशिवाय हात घालू नका कृपा करून.

पश्चिमखिडकी
पडदे आतून लावून उपयोग नाही, हे कळायला मला दोन उन्हाळे लागले. काचेतून ऊन एकदा आत आलं की आलंच, पडदा स्वतःच तापून खोली तापवतो. बाहेरून अडवायचं. ग्रिलला हिरवं शेडनेट बांधलं, नर्सरीवाल्याकडे मीटरवर मिळतं, भोक नाही, खिळा नाही, घरमालकाला आधी फोटो पाठवून विचारलं. दुपारी तीनला सोफ्याला हात लावला तर गरम नाही, एवढ्यानेच बरं वाटतं. गावाकडे याच कामाला माडाची झापं विणून लावायचे.

साखळीचा
मालक सबमीटर लावून युनिटमागे स्वतःचा दर घेतो, सरकारी दरापेक्षा कितीतरी जास्त, विचारलं तर म्हणतो दुसरं घर बघा. एसी आहे पण लावायची भीती वाटते.

पश्चिमखिडकी
करारात काय लिहिलंय ते बघा आधी. एसी २६-२७ ला ठेवा आणि वर पंखा. एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते म्हणतात, म्हणून तर २०२० पासून नवीन एसी चालू केले की मुळात २४ वर लागतात. झोपायच्या आधी तासभर लावून खोली गार करून घ्या.

रात्रपाळी
मी नर्स आहे, ड्यूटीवरून येऊन वाचतेय. सगळ्यांचे उपाय छान आहेत, पण घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर एक लक्षात ठेवा. अंग तापलेलं आहे आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोपेत असल्यासारखा करायला लागला, तर सरबत पाजत बसू नका. घाम येत असला तरी थांबू नका. १०८ लावा, तोवर कपडे सैल करा, अंगावर पाणी मारा, पंखा घाला, काखेत आणि मानेला ओले फडके ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका. मागच्या उन्हाळ्यात एक आजोबा आले होते, बंद फ्लॅटमध्ये एकटेच, लाईट गेलेली. शेजारणीने दार वाजवलं म्हणून वाचले.

डिचोलीकर
आमच्या मजल्यावर दोघं एकटे राहतात. उद्यापासून दुपारी बेल वाजवतो.

शेवटचा मजला
आमच्याकडे आत्ता लाईट गेली. आई गच्चीवर चटई घेऊन गेलीय, चुन्यावर झोपता येतंय.

बेळगावहून
शुक्रवारी किती वाजता बसतात त्या बायका?

आजीची नात
आठला या, अकरानंतर ऊन सोसवत नाही. मी पण येतेय.

मांडवीकाठ
मीही येते. गोणपाटं पण घ्यायची आहेत, खाली नवीन जोडपं आलंय, बाळ तीन महिन्यांचं आहे आणि आत्ता मार्च आहे.