बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम

"कॅल्शियम धातू आहे, म्हणजे बोअरच्या पाण्यात धातूचे बारीक कण तरंगत असतात" असं कुठे कुठे लिहिलेलं दिसतं, ते काही पटत नाही. धातूरूपातलं कॅल्शियम पाण्यात टाकलं तर ते गप्प बसत नाही, हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात. पाण्यात असतो तो कॅल्शियमचा आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावून विद्युतभार आलेला अणू. अणूत 20 प्रोटॉन आणि 20 इलेक्ट्रॉन, मांडणी 2, 8, 8, 2. शेवटच्या कक्षेतले दोन गेले की उरतात 18. प्रोटॉन मात्र 20च, म्हणून मूलद्रव्य तेच राहतं. दोन इलेक्ट्रॉनांनी एवढा स्वभाव बदलतो! आणि आयन विरघळलेला असल्यामुळे कापडाने कितीही गाळा, तो पाण्याबरोबर खाली उतरणारच.

आमच्याकडे लातूरला दर उन्हाळ्यात घरोघरी हे विरघळलेलं कॅल्शियम बाहेर काढायचा प्रयोग आपोआप होतो. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, मग बोअरवरच भागवायचं. हिटरच्या कॉइलवर महिन्याभरात बोटभर नसला तरी चांगला जाड पांढरा थर चढतो. पाण्यातलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की फुटतं आणि न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट कॉइलला धरतं. आई चाकूने खरवडायची (त्यात एक कॉइल गेलीच). मी खपली वाटीत घेऊन वर लिंबू पिळलं तर फस्सकन फेस आला. तो कार्बन डायऑक्साइड. वर्गात फळ्यावर समीकरण लिहिण्याआधी मुलांना घरून अशी खपली आणायला सांगा.