प्रति: पोटावर हेडफोन लावावेत का?

वर एका ताईंनी विचारलंय की सहावा महिना लागलाय, बाळाला ऐकू जावं म्हणून पोटावर हेडफोन लावू का. कृपया लावू नका. त्याची गरजच नाही.

आतल्या कानाचा शंख विसाव्या आठवड्याच्या सुमारास आकाराला येतो आणि पंचविसाव्या-सव्विसाव्या आठवड्यापासून बाळ आवाजाला प्रतिसाद देऊ लागतं. माझ्या बहिणीला आठव्या महिन्यात दार धाडकन आपटलं की पोटात दचकल्यासारखी हालचाल जाणवायची, मग ती पोटावर हात ठेवून हळूच बोलत राहायची.

बाहेरचे तीव्र, उंच स्वर आत पोचेपर्यंत बोथट होतात. खालचे सूर आणि बोलण्याची लय मात्र नीट पोचते. आईचा आवाज तर तिच्या हाडामांसातूनही जातो. 1980 साली डिकॅस्पर आणि फायफर या संशोधकांनी जेमतेम तीन दिवसांच्या आतल्या बाळांना खास बोंडलं चोखायला दिलं; चोखण्याच्या लयीनुसार कुणाचा आवाज ऐकू येणार ते ठरायचं. आईचा आवाज ऐकू यावा म्हणून ती बाळं चोखण्याची लयच बदलत होती! मला हे फार हृद्य वाटतं.

तेव्हा भाजी निवडताना, वेणी घालताना मोकळेपणी बोला, गुणगुणा. आणि जन्मल्यावर बाळाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यातच करून घ्या, ती अजिबात चुकवू नका.